आशालताबाई आणि दार-दारचा खेळ

आशालता मूळची उरणजवळच्या करंज्याची. बंदरावरच्या मारामाऱ्या बघतच ती मोठी झाली. होड्या लागल्या की मासळीवरून बोलाचाली, बोलाचालीवरून शिव्या, आणि शिव्या संपल्या की कुणीतरी वल्हं उगारायचं. तिच्या आईचा, ठमाबाईचा, उजवा कान फाटका होता. लिलावाच्या गर्दीत दुसऱ्या एका कोळणीने तो कुडीसकट ओढला होता. ठमाबाईनेही तिला फुकट सोडलं नव्हतं, बर्फाची लादी उचलून तिच्या पायावर घातली होती. ही हकीकत ठमाबाई हसत हसत सांगायची, पण आशालता दर वेळी उठून बाहेर जायची. बारावीनंतर ती बालवाडीच्या बाईंचा कोर्स करायला गेली. तिथे हळू आवाजात बोलणाऱ्या बाया आणि भिंतीवरची कागदी फुलं पाहिली आणि तिने मनाशी ठरवलं, आपलं आयुष्य असल्याच खोलीत काढायचं.

आणि काढलंही. लग्न होऊन ती पनवेलच्या कोळीवाड्यात आली. नवरा दयाराम न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. आशालता नवीन पनवेलात वसुंधरा मॅडमच्या शिशुशाळेत नोकरीला लागली. एका इमारतीच्या तळमजल्यावरची ती शाळा. अर्धी मुलं नव्या सोसायट्यांतल्या नोकरदारांची, अर्धी आसपासच्या गावठाणांतली. आशालता घरी ‘हाय-नाय’ बोलायची, पण शाळेच्या पायरीवर चप्पल काढली की ‘आहे-नाही’ सुरू. तिचा मोठ्या शिशूचा वर्ग सगळ्यांत शांत म्हणून नावाजलेला होता.

ही गोष्ट घडली त्या वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, तिची स्वतःची मुलगी प्रांजल तिच्याच वर्गात होती. शाळेत प्रांजल तिला आई म्हणत नसे, इतरांसारखं ‘टीचर’ म्हणे. कुणी हातातला खडू ओढला तर ही पोर दुसरा खडूही पुढे करी. एकदा एका मुलाची आई कौतुकाने म्हणाली, “किती सोशिक आहे हो तुमची मुलगी! कोळीवाड्यातली वाटतच नाही.” त्या बोलण्याचा राग यायला हवा होता. आशालताला तो आला नाही. उलट बरं वाटलं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि वर्गात सत्यजीत आला.

त्याचे वडील खारघरच्या एका कॉलेजात शिकवत. ठाण्याहून ते नुकतेच इकडे राहायला आले होते. आई वल्लरी त्याला पहिल्या दिवशी सोडायला आली तेव्हा तो तिचं बोटही धरून नव्हता. नीटनेटका भांग, पांढरे मोजे. आशालताने त्याला कल्पेशशेजारी बसवलं. कल्पेश नावाचा हा मुलगा म्हणजे वर्गातलं गोंडस गाठोडं, कुणाच्याही वस्तूला हात लावायची सवय असलेलं. त्याने नव्या मुलाच्या दप्तराची चेन ओढली.

सत्यजीत उठला. ओरडला नाही, रडला नाही. त्याने दोन्ही हातांनी कल्पेशचा गळा धरला, त्याला मागे ढकलत भिंतीला टेकवलं आणि खालचा ओठ दातांत धरून दाबत राहिला. कल्पेशच्या तोंडातून आवाजच फुटेना. डोळे पांढरे व्हायला लागले. आशालताने धावत जाऊन सत्यजीतची बोटं एकेक करून सोडवली तेव्हा कल्पेशच्या गळ्यावर लालभडक वळ उठले होते. बाकीची मुलं हातातलं काम टाकून बघत होती. रडत कुणीच नव्हतं. आशालताला नंतर आठवे ते हेच. एवढी भीती वाटली असती तर एखादं तरी पोर रडलं असतं ना?

आठवडा गेला नाही तोच कल्पेशने छोट्या शिशूतल्या एका मुलाला तसंच भिंतीला टेकवलं. दोन्ही अंगठे गळ्याच्या खळगीत, आणि खालचा ओठ दातांत. मग रोशनीने ते केलं. रोशनी ही वर्गातली कविता म्हणणारी मुलगी. मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. प्रत्येकाचा ओठ तसाच दातांत. जणू ओठ न चावता गळा दाबताच येत नाही.

त्यानंतर सत्यजीतने दार-दार आणलं. वर्गाला लागून मुलांचं बाथरूम होतं, त्याला जाड लाकडी दार. एकाने चौकटीवर हात ठेवायचा आणि दुसऱ्याने दार जोरात लोटायचं, बोटांपाशी येता येता थांबवायचं. हात काढला तो आउट. आशालताने हा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिच्या हातातला डबा खाली पडला.

तिने काय केलं नाही? मुलांना वेगवेगळं बसवलं, कोपऱ्यात उभं केलं, भांडखोर माकडाची गोष्ट सांगितली. मुलांनी गोष्ट मन लावून ऐकली आणि मधल्या सुट्टीत भांडखोर माकड व्हायला चुरस लागली. पालक यायला लागले. कुणाच्या दंडावर दातांचे ठसे, कुणाच्या कानामागे ओरखडे.

“आमचा कल्पेश असा नव्हता हो,” कल्पेशची आई डोळे पुसत म्हणाली.

“नव्हताच,” आशालता म्हणाली. “त्या नव्या मुलाने शिकवलं सगळं.”

हे वाक्य ती दिवसातून कितीदा तरी बोलू लागली. शेवटी वसुंधरा मॅडमकडे जाऊन तिने सांगितलं, “एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो, मॅडम. त्याला काढा.” मॅडमने वल्लरीला बोलावलं. वल्लरी खाली मान घालून बसली. सत्यजीतला आठवडाभर घरी ठेवायचं ठरलं, मग बघू.

तो आठवडा वर्गातला सगळ्यांत वाईट आठवडा ठरला.

पहिल्याच दिवशी कल्पेशने स्टीलची पाण्याची बाटली पट्ट्याला धरून गरागरा फिरवली आणि रोशनीच्या कपाळावर हाणली. कातडी फाटली. रोशनीच्या डोळ्यांत रक्त उतरलं, आणि तशा रक्ताळलेल्या तोंडाने तिने कल्पेशच्या मनगटाला चावा घेतला. सोडता सोडेना. वेणू मावशी म्हणजे शाळेतल्या दाई, त्यांनी तिचं नाक दाबलं तेव्हा कुठे तिचा जबडा उघडला. दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून एकाला बाकाखाली दाबून धरलं. दार-दार तर आशालताची पाठ वळली की सुरू. सत्यजीत घरी होता, पण त्याचे हात वर्गातच राहिले होते. कुणाच्याही मनगटाला ते फुटत होते.

प्रांजल मात्र या सगळ्यात नव्हती. ती आपली कडेला बसून बघत असे. आशालता मनातल्या मनात म्हणे, देवा, माझी तरी नीट राहिली.

आठवड्याने सत्यजीत परत आला. मधल्या सुट्टीच्या वेळी आशालता शेजारच्या वर्गाच्या दारात त्या बाईंशी स्नेहसंमेलनाच्या कपड्यांबद्दल बोलत उभी होती. आपल्या वर्गातून गोंगाट येत नाही, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. गोंगाटाऐवजी एक दबका, एका सुरातला आवाज येत होता. प्रार्थनेला म्हणतात तसा.

“दाब... दाब... दाब...”

ती धावली. बाथरूमपाशी अख्खा वर्ग गोळा झाला होता. सत्यजीत आत फरशीवर उताणा पडला होता. कल्पेश त्याच्या छातीवर बसला होता, रोशनीने पाय धरले होते, आणखी दोघांनी त्याचा हात ओढून चौकटीवर दाबून ठेवला होता. दाराला खांदा लावून प्रांजल उभी होती. खालचा ओठ दातांत.

“प्रांजल!” आशालता ओरडली. तोवर पोरीने सगळं अंग दारावर टाकलं होतं.

कच्चकन आवाज झाला. त्यानंतर सत्यजीत जे किंचाळला ते वरच्या मजल्यावरच्या लोकांनीही ऐकलं. आशालताने मुलांना हातांनी बाजूला भिरकावत दार ओढलं. त्याच्या अनामिकेचं टोक नखासकट नुसत्या कातडीवर लोंबत होतं. चौकटीवरून रक्ताचा ओघळ खाली फरशीवर उतरत होता. तिने पदर फाडला, हात बांधला, त्याला उचलून वेणू मावशींच्या कडेवर दिलं. आणि मग ती वळली.

तिने प्रांजलच्या थोबाडीत दिली. एक, आणि लगेच दुसरी. बंदरावर बायका देत तशी, सगळा खांदा घालून. प्रांजल भेलकांडली, सावरली. तिने आईकडे पाहिलं. रडली नाही. मग शेजारी उभ्या असलेल्या कल्पेशकडे वळून तिने त्याच्या थोबाडीत दिली, तशीच, खांदा घालून. कल्पेशने मागच्या मुलाला लाथ घातली. तो रोशनीवर आदळला, रोशनीने त्याचे केस धरले, आणि बघता बघता सगळा वर्ग एकमेकांवर तुटून पडला. डबे उडाले, बाटल्या उडाल्या. आशालता मधोमध उभी होती. तिचा उजवा तळवा चुरचुरत होता आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

“बाई, निघा आधी याला घेऊन!” वेणू मावशी ओरडल्या. “इथलं मी बघते!”

रिक्षात सत्यजीत तिच्या मांडीवर थरथरत पडला होता. ओठ पांढरे झाले होते. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा त्याने तिच्याकडे बघून हळूच विचारलं, “टीचर, मी हात काढला नाही. मी आउट नाही ना?”

आशालताने त्याचं डोकं छातीशी धरलं.

दवाखान्यात त्याला आत नेलं, तेवढ्यात वसुंधरा मॅडमचा फोन आला. “हे बघ आशालता, दार वाऱ्याने लागलं असं सांगायचं. मुलं लहान आहेत, त्यांच्या बोलण्याला कोण विचारतं? आणि तुझीच मुलगी आहे. तुझ्याच भल्याचं सांगतेय.”

वल्लरी धापा टाकत आली. तिचा मोबाईल एका हातात, चप्पल एकाच पायात. “कसं झालं? कुणी केलं?”

वाऱ्याने, हे तीन अक्षरी उत्तर आशालताच्या जिभेवर होतं. पण रिक्षातला तो प्रश्न अजून कानात होता.

“माझ्या मुलीने केलं,” ती म्हणाली. “सगळ्यांनी मिळून त्याला धरलं आणि माझ्या प्रांजलने दार लावलं. मी तिथे नव्हते. असायला हवी होते.”

वल्लरीने हातातली पर्स तिच्या तोंडावर मारली. बक्कल गालाला लागून रक्त आलं. दुसरा फटका खांद्यावर बसला, तिसऱ्याच्या वेळी वॉचमनने मध्ये हात घातला. आशालताने हात वर केला नाही. वल्लरी बाकावर कोसळली आणि रडणं ओसरल्यावर आपणहून बोलू लागली.

“ठाण्याच्या शाळेत त्याचा गळा धरायचे. चौघं-पाच जण. रोज. भिंतीला लावायचे आणि मोजायचे, किती वेळ टिकतो ते. घरी यायचा तेव्हा चड्डी ओली असायची. म्हणून शाळा सोडवली. इकडे आल्यावर पहिल्याच दिवशी तुमचा फोन आला, त्याने कुणाचा तरी गळा धरला म्हणून. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. म्हटलं, निदान आता मार खाऊन येत नाही.”

आशालता गालावर रुमाल धरून ऐकत राहिली. ठाण्याच्या त्या चौघा-पाच जणांना तरी कुणी शिकवलं असेल, हा विचार तिच्या मनात आला, आणि त्याला तळच लागेना.

डॉक्टरांनी टोक शिवलं. नख गेलं, बोट जरा आखूड राहणार होतं, पण वाचलं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा बातमी आधीच पोचली होती. ओटीवर दयाराम बसला होता, शेजारचे दोघं-तिघं होते, आणि मधोमध प्रांजल. दयाराम हसत होता.

“मार खाऊन नाय आली ना? मारून आली! वाघीण हाय माजी. दाखव गो, कशी दाबलीस?”

प्रांजलने भिंतीतल्या कपाटाचं दार धरलं आणि खांदा लावून दाखवलं. बसलेले लोक हसले. दुपारी वल्लरीच्या तोंडून ऐकलेले शब्द पुन्हा आपल्याच घरात ऐकून आशालताच्या डोक्यात काहीतरी तुटलं. तिने ओटीवर चढून प्रांजलचं मनगट धरलं, तिची बोटं कपाटाच्या चौकटीवर ठेवली आणि दुसऱ्या हाताने दार ओढलं.

“घालू? घालू तुजी पन बोटं? कळू दे कसं लागतं!”

“आशे, येडी झालीस काय!” दयाराम उठला.

“बस तितं!” ती त्याच्यावर अशी ओरडली की तो जागीच थांबला. तिने मनगटावरची पकड सोडली. आता पोर हात काढून घेईल, रडेल, पायाला मिठी मारेल, असं तिला वाटलं.

प्रांजलने हात काढला नाही. पाच वर्षांच्या त्या मुलीने आईच्या डोळ्यांत बघत बोटं चौकटीवर आणखी घट्ट रोवली.

“मी नाय काढनार,” ती म्हणाली. “काढला का आउट.”

ओटीवर कुणी हसलं नाही. आशालताच्या हातातून दार सुटलं. ती तिथेच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. दयारामने पुढे होऊन प्रांजलचा हात चौकटीवरून उचलला. त्याला जोर लावावा लागला. आलेले शेजारी एकेक करून उठून गेले. त्यानंतर दयारामने कधी पोरीला ‘दाखव’ म्हटलं नाही.

सकाळी आशालता मॅडमच्या खोलीत गेली. “मी सत्यजीतला काढा म्हणाले होते. त्याला काढायचं तर आधी प्रांजलला काढा, मग कल्पेशला, मग रोशनीला. मग वर्ग रिकामा. नाहीतर सगळ्यांना ठेवा. आणि ते दार उद्या नको.”

मॅडम चिडल्या, पण वल्लरीला खरं कळलं होतं आणि ती अजून पोलिसांत गेली नसली तरी कधीही जाऊ शकत होती, त्यामुळे मॅडमचा नाइलाज झाला. सुताराने दार काढलं, तिथे पडदा लागला. काही पालकांनी मुलं दुसऱ्या शाळेत घातली. आशालताने खुर्ची वर्गाबाहेर ठेवली आणि दिवसभर सतरंजीवर मुलांमध्ये बसू लागली. कुणाचा हात उठला की मारणाऱ्याचा आणि मार खाणाऱ्याचा, दोघांचेही हात आपल्या हातांत धरून बसायची, ते सैल पडेपर्यंत. स्वतःचा हात उठू नये म्हणूनही ते बरं होतं.

सत्यजीत परत आला तो बँडेज बांधून. त्याला डबा उघडता येत नव्हता. आशालताने सांगितलं, “रोज प्रांजल उघडेल.” पहिल्या दिवशी प्रांजलने डबा उघडला आणि पोळ्यांसकट फरशीवर पालथा केला. आशालताने आपली भाकरी दोघांत वाटली. दुसऱ्या दिवशी प्रांजलने नुसतं झाकण काढून आपटलं. मग काही दिवसांनी ती मुकाट्याने उघडून पुढे सरकवू लागली. ते रोशनीने पाहिलं. तिलाही सत्यजीतचा डबा उघडायचा होता. मग कल्पेशला. एके दिवशी त्या डब्यावरून अशी झटापट झाली की कल्पेशचं नाक फुटलं. मदत करायला मिळावी म्हणून पोरं एकमेकांना बुकलत होती. आशालताला नाकातलं रक्त पुसता पुसता हसू आवरेना, आणि तिने पाळ्या लावून दिल्या.

सगळं काही सुधारलं असं नाही. मार्चपर्यंत मधूनच कुणीतरी कुणाचा गळा धरी. रोशनीची चावण्याची खोड पहिलीतही गेली नाही. वल्लरी आणि आशालता मैत्रिणी झाल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर मान हलवायच्या, एवढंच. वर्ष संपलं आणि ते कुटुंब पुण्याला गेलं.

आशालता तिथेच शिकवत राहिली. पुढे कितीतरी वर्षं, पुन्हा पुन्हा, दंडावरचे दातांचे ठसे दाखवत एखादी आई किंवा बाप यायचाच. “आमचा असा नव्हता. कुणी शिकवलं याला, सांगा.” ती नाव सांगायची नाही. “उद्या येऊन बसा माझ्या वर्गात,” म्हणायची, “सतरंजीवर. सुट्टी होईपर्यंत.” बहुतेक जण कामाची सबब सांगत. एक बाप मात्र खरंच आला. इस्त्रीचा शर्ट घालून मुलांत मांडी घालून बसला. मधल्या सुट्टीच्या आतच एकाने त्याच्या पाठीत ठोसा मारला. तो दचकून वळला आणि त्याचा हात आपोआप वर गेला.

आशालताने पलीकडून हात लांब करून तो धरला. “बसा,” ती म्हणाली. “धरून ठेवते मी. सैल पडला की सांगा.”